बर्फात पिकअपचा डिफरन्शियल लॉक नेमका कधी लावावा?

तळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. मी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, केविनॉ द्वीपकल्पावरच्या हॅन्कॉक गावात राहतो. सुपीरिअर सरोवरावरून येणारे वारे आमच्याकडे इतका बर्फ आणून टाकतात की वर्षाला पाच मीटर ही नेहमीची गोष्ट समजली जाते. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडला होता. तो आकडा दाखवणारी उंच पाटी महामार्ग ४१ च्या कडेला उभी आहे.

यंदा थंडीच्या तोंडावर मी एक जुना पिकअप घेतला. गरजेनुसार चारही चाकांना जोर देता येतो आणि मागच्या अ‍ॅक्सलला बटणाने लागणारा डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरायला बांधणारी सोय आहे, एवढे पाहूनच तो घेतला होता. गेल्या आठवड्यात क्विन्सी टेकडीच्या बाजूला चढणाऱ्या एका गल्लीत समोरून बर्फ लोटणारा ट्रक आला, म्हणून मी उजवीकडे घेऊन थांबलो. तो गेल्यावर गाडी निघेना. मी लॉकचे बटण दाबले, लॉकचा दिवा स्थिर लागल्याची खात्री केली आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला. गाडी वर जाण्याऐवजी तिची मागची बाजू उजवीकडे सरकू लागली आणि मी पाय काढेपर्यंत मागचे चाक कडेच्या चरात जाऊन बसले. मी फावडे चालवत असताना शेजारच्या आजी त्यांच्या साध्या छोट्या मोटारीतून माझ्या बाजूने शांतपणे चढून गेल्या.

माझा प्रश्न असा आहे की चारही चाके ओढत असताना आणि मागची दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली असताना गाडी आडवी का गेली? लॉक लावायची वेळ चुकली, पद्धत चुकली, की बर्फात तो लावायचाच नसतो?

उसाचा_फड

मी बर्फात कधीही गाडी चालवलेली नाही, तरीही लिहितो, कारण डिफरन्शियल लॉक आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. ट्रॅक्टरला उजव्या टाचेजवळ एक लहानसा पायटा असतो, तोच हा लॉक. उसाची भरलेली ट्रॉली ओल्या रानातून बाहेर काढताना एक चाक चिखलात जागेवर फिरू लागते आणि दुसरे कोरड्यावर असूनही ढिम्म उभे राहते. अशा वेळी पायटा दाबला की दोन्ही चाके एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: चाक रुतायच्या आधी पायटा दाबायचा आणि वळायच्या आधी पाय काढायचा. लॉक लागलेला असताना स्टिअरिंग वळवले तर ट्रॅक्टर वळत नाही, नाकासमोर ढकलत जातो.

आपण लिहिलेला प्रकार बांधाच्या कडेने तिरक्या उतारावर ट्रॅक्टर नेताना होतो. तेथे लॉक दाबला की मागची बाजू खालच्या अंगाला उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, पण कारण मात्र सांगता येणार नाही.

दातेरी

उसाचा_फड यांनी उत्तराचा अर्धा भाग दिलाच आहे, त्यामुळे मी कारणाकडे वळतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. मागच्या दोन चाकांमध्ये १.७ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक सुमारे २.७ मीटर जास्त धावते, मग वळण लहान असो वा मोठे. हा फरक सामावून घेण्यासाठी डिफरन्शियल असतो. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक निसरड्यावर असेल आणि ते थोड्याच जोराने घसरत असेल, तर दुसऱ्यालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. म्हणून कोरड्यावरचे चाक उभे राहते. लॉक लावला की दोन्ही चाके एकाच गतीने फिरण्यास बांधली जातात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला लागेल तेवढा जोर घेता येतो. एक चाक बर्फावर आणि दुसरे वाळूवर असेल, तर लॉकसारखा सोबती नाही.

आता आडवे जाण्याविषयी. टायरकडे पकडीची शिदोरी एकच असते. गाडी पुढे ढकलणे, ब्रेक लावणे आणि गाडीला बाजूला सरकू न देणे, ही तिन्ही कामे त्याच शिदोरीतून होतात. चाक जागेवर गरगर फिरू लागले की शिदोरी फिरण्यातच संपते आणि बाजूला धरून ठेवायला जवळजवळ काहीच उरत नाही. लॉक नसता तर आपले उजवे मागचे चाक फिरले असते, डावे जवळजवळ स्थिर राहिले असते आणि त्या स्थिर चाकाने मागची बाजू जागेवर धरली असती. गाडी निघाली नसती, पण चरातही गेली नसती. लॉक लावल्यावर दोन्ही चाके एकदम फिरली, मागची बाजू धरणारे कोणी उरले नाही आणि रस्त्याला उजवीकडे उतार असल्यामुळे ती उताराच्या दिशेने सरकली. रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधलेले असतात. बर्फाने तो उतार डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो.

म्हणून आपली गल्लत लॉक लावण्यात झाली त्यापेक्षा कडेच्या उतारावर उभे असताना लावण्यात आणि त्यानंतर पाय जास्त देण्यात झाली, असे माझे मत आहे.

मीनल_कॅलगरी

दातेरी यांचे विवेचन मला पटले, पण या चर्चेत सर्वांत महत्त्वाची ओळ मूळ लेखातच आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. शेजारच्या आजी साध्या मोटारीतून वर गेल्या! त्यांच्या मोटारीला हिवाळी टायर असणार, हे मी येथे बसून सांगू शकते. आपल्या पिकअपला कोणते टायर आहेत, हे आपण लिहिलेलेच नाही.

सुमारे सात अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि बारमाही टायरही थंडी वाढेल तशी पकड सोडत जातात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक खाचा बर्फाला चावतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का, ते पाहावे. केवळ चिखल आणि बर्फ यांची इंग्रजी आद्याक्षरे छापलेली असतील, तर त्यावर विसंबू नये. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आमच्या अल्बर्टात सक्ती नाही, पण शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात डोंगरातल्या ठरावीक रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून ते लागतातच.

दुसरे असे की लॉक असो वा चारही चाकांचा जोर असो, दोन्ही गाडी चालू करण्यासाठी आहेत. गाडी थांबवताना त्यांचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. आमच्याकडे भर जानेवारीत चिनूक वारे आले की काही तासांत तापमान शून्याच्या वर जाते, बर्फ वितळतो आणि रात्री त्याचा काचेसारखा थर होतो. शून्याच्या आसपासचा तो ओलसर बर्फ उणे वीसच्या कोरड्या बर्फापेक्षा कितीतरी निसरडा असतो. अशा सकाळी मी चरात पाहिलेल्या गाड्यांमध्ये मोठे पिकअप पुष्कळ असतात. ते निघताना अडत नाहीत, म्हणून थांबतानाही अडचण येणार नाही असा चालवणाऱ्याचा समज होतो.

रानवाट

मीनलताई, टायरविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, पण लॉक निरुपयोगी आहे असा कोणी अर्थ घेऊ नये. मी कोलोरॅडोत डोंगरात राहतो आणि घरापर्यंतची शेवटची दोन मैलांची कच्ची वाट कोणी साफ करत नाही. तेथे गुडघाभर भुसभुशीत बर्फ असतो. त्यात चांगले हिवाळी टायर असूनही गाडी पोटावर टेकते, चाकांवरचे वजन कमी होते आणि एकेक चाक फिरू लागते. मी वाटेच्या तोंडाशी, गाडी सरळ आणि उभी असतानाच, खालच्या गिअरमध्ये लॉक लावतो आणि चालण्याच्या वेगाने जातो. वाट मुळात सरळ आहे म्हणून हे जमते. वळण आले की लॉक काढतो.

अशा खोल बर्फात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घसरण ओळखून इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी व्यवस्था तेथे आड येते, कारण नेमकी गती हवी तेव्हाच ती गाडीचा श्वास कोंडते. मी ती खोल बर्फापुरती बंद करतो आणि रस्त्यावर आल्याबरोबर पुन्हा चालू करतो.

नवी_वाट

माझ्या पिकअपला लॉक आहे असे विकणाऱ्याने सांगितले होते, पण बटण कोठेच सापडत नाही. असे असू शकते का?

दातेरी

नवी_वाट, असू शकते. काही पिकअपमध्ये स्वतःहून लागणारा यांत्रिक लॉक असतो. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये जी-८० या खुणेने ओळखला जाणारा ईटनचा लॉक त्याच प्रकारचा आहे. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली लहान वजने बाहेर फेकली जातात, खुंटी अडकते आणि दोन्ही चाके बांधली जातात. गाडी ताशी ३० किलोमीटरच्या पुढे असेल, तर तो लागत नाही. तेथे चालवणाऱ्याच्या उजव्या पायालाच बटण समजावे. चाक गरगर फिरू दिले की लॉक लागणार, आणि हळू पाय दिला तर साध्या डिफरन्शियलसारखी गाडी वागणार. निसरड्या वळणावर पाय सांभाळण्याचे हे आणखी एक कारण आहे.

तिसरा प्रकार घर्षणाच्या चकत्यांचा असतो. तो दोन्ही चाकांना पूर्ण बांधत नाही, पण काही जोर पलीकडे पोहोचवतो. त्याच्या तेलात वेगळे मिश्रण घालावे लागते, आणि आधीच्या यांत्रिक लॉकमध्ये तेच मिश्रण घालू नये. तेल बदलण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

उत्तरवारा

पिकअपची मूळ अडचण हौद्याची आहे, असे मला वाटते. हौदा रिकामा असताना बहुतेक वजन पुढच्या चाकांवर असते आणि लॉक असतो मागे. वजनच नसेल, तर बांधलेली दोन चाके तरी काय ओढणार? मी नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी २७ किलोची वाळूची पाच पोती हौद्यात ठेवतो आणि मार्चअखेर काढतो. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर असावीत. फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळायला कुरकुर करते. पोती पट्ट्याने बांधावीत, कारण जोरात ब्रेक लागला तर १३५ किलो वाळू केबिनवर येऊन आदळते. गाडी रुतलीच, तर एक पोते फोडून तीच वाळू चाकांपुढे पसरता येते.

सोलंगवेडा

मी पुण्याचा आहे, पण गेली काही वर्षे हिवाळ्यात मनालीत काम करतो, म्हणून हिमालयातला अनुभव मांडतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातून येणारी मंडळी भर हिवाळ्यात थेट लाहौलमध्ये उतरतात. बर्फ पडू लागला की पोलीस फक्त चारही चाके ओढणाऱ्या आणि साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. येथल्या टॅक्सीवाल्यांच्या बहुतेक गाड्यांना लॉक नाही, पण चाकांना साखळ्या आहेत आणि पायाला सवय आहे. भारतात २०२२ मध्ये आलेल्या हायलक्ससारख्या पिकअपला मागचा लॉक मिळतो आणि तो घेऊन आलेले पर्यटक चढावर झकास जातात. त्यांची खरी परीक्षा उतारावर होते.

उतारावर लॉक लावून खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या एका गाडीच्या मागे मी होतो. इंजिन मागची चाके रोखत होते आणि दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली असल्यामुळे घसरली तीही एकदमच. सिस्सूच्या अलीकडच्या सावलीतल्या वळणावर तिची मागची बाजू संथपणे बाहेर आली. आत बसलेल्यांना बहुधा शेवटपर्यंत कळले नाही, कारण आवाजही झाला नाही. कडेला बर्फाची भिंत होती, तिने गाडी अडवली. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो की उतरण्यापूर्वी लॉक काढावा, चारही चाकांचा जोर तसाच ठेवावा आणि पहिल्या वळणाच्या आधीच वेग उतरवून घ्यावा.

डॉक्टर_वैशाली

विषयाला धरूनच एक सूचना करते. गाडी बर्फाच्या ढिगात मागच्या बाजूने शिरते, तेव्हा धुराची नळी बुजते. इंजिन चालू ठेवून आत ऊब घेत बसल्यास कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साठतो आणि त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप आल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच असल्यामुळे माणसाला शंका येत नाही. फावडे हातात घेतले की चाकांच्या आधी धुराची नळी मोकळी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपण चरात गेलात तेव्हा नळी पाहिली होती का?

तळ्याकाठचा

डॉक्टरताई, पाहिली नव्हती. मी बाहेर खणत होतो आणि इंजिन चालू होते. पत्नी आत बसली असती तर काय झाले असते, या विचाराने रात्री झोप लागली नाही. आता छोटे फावडे हौद्यातून काढून केबिनमध्ये ठेवले आहे.

मीनलताई, टायर पाहिले. बारमाही आहेत, डोंगराचे चिन्ह नाही आणि खाचाही निम्म्याहून जास्त झिजल्या आहेत. हिवाळी टायर मागवले असून शनिवारी बसतील.

ते येण्यापूर्वी दातेरी यांचे म्हणणे स्वतः पडताळावे असे वाटले. रविवारी पहाटे एका रिकाम्या वाहनतळावर, मालकाची परवानगी घेऊन, गाडी नेली. तेथे एका बाजूला हलका उतार आहे. आधी लॉक न लावता उताराला आडवी उभी करून पाय दिला. गाडी जेमतेम हलली. खाली उतरून विजेरीच्या उजेडात पाहिले, तर खालच्या बाजूच्या चाकाखाली बर्फ घासून काचेसारखा चकाकत होता, आणि वरच्या चाकाखाली टायरची नक्षी शिक्क्यासारखी जशीच्या तशी उमटली होती. मग दहा पावले पुढे जाऊन लॉक लावला आणि तेवढाच पाय दिला. मागची बाजू हातभर खाली सरकली. या वेळी दोन्ही चाकांखाली चकाकणारे पट्टे होते आणि ते तिरपे गेले होते. नक्षी कोठेही नव्हती. बाजूला धरून ठेवणारे चाक म्हणजे काय, ते मला त्या शिक्क्याकडे पाहून समजले.

उसाचा_फड

हे वाचून वडिलांना दाखवले. त्यांनी विचारले आहे की लॉक लावून पाय अगदी हळू दिला असता, चाक फिरूच दिले नसते, तर गाडी सरकली असती का?

तळ्याकाठचा

काकांना माझा नमस्कार सांगावा. त्यांचा प्रश्न वाचून काल पुन्हा त्याच जागी गेलो. लॉक लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय केवळ टेकवल्यासारखा ठेवला. गाडी न सरकता पुढे गेली आणि दोन्ही चाकांमागे नक्षी स्वच्छ उमटली. तिसऱ्यांदा थोडा पाय वाढवला आणि चाके सुटताच ती पुन्हा खाली सरकली.

आज सकाळी घराच्या तोंडाशी बर्फ लोटणाऱ्या ट्रकने मांडीएवढा बांध टाकून ठेवला होता. जागा सपाट आणि वाट सरळ होती. आधी फावड्याने वरचा थर उतरवला, गाडी उभी असतानाच लॉक लावला आणि हळू पाय देऊन एका दमात बांधाच्या पलीकडे गेलो. रस्त्यावर येताच बटण बंद केले, पण दिवा लुकलुकतच राहिला. वळायचे होते म्हणून मी थांबलो. लॉक अडकून बसला असावा का?

रानवाट

अडकलेला नाही. दोन चाकांमध्ये ताण उरला असेल तर खुंटी लगेच सुटत नाही. सरळ रेषेत पाय काढून चार-पाच मीटर जावे, किंवा जेमतेम हातभर मागे घ्यावे. दिवा विझेपर्यंत वळू नये.

तळ्याकाठचा

हातभर मागे घेतली आणि खालून एक बारीक टक् असा आवाज आला. दिवा विझला.